बेंबीपासून मोजलेलं अंतर

टॉवेल पांढरा होता आणि त्याच्यावर जांभळे डाग पडले होते. दोन ठसठशीत, बाकीचे नुसते ओघळ. नरक चतुर्दशीची आंघोळ उरकून शामला देवापुढे निरांजन लावायला गेली होती आणि राजन बाथरूममधलं तेलकट पाणी निपटायला आत शिरला होता, तर दांडीवर हे. आधी त्याला वाटलं, नव्या परकराचा रंग गेला असणार. माणूस पहिल्यांदा परकरावरच आळ घेतो. मग त्याने स्वतःचे हात पाहिले. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला तीच जांभळी शाई होती. काल दुपारी हॉस्पिटलात शामलाच्या पोटावर चार ठिपके काढले होते. आज संध्याकाळी तिला भरती व्हायचं होतं आणि उद्या सकाळी त्या ठिपक्यांच्या आधाराने डॉक्टर यूसुफ तिच्या पोटाचं कातडं आणि त्याखालची चरबी, आतल्या बारीक रक्तवाहिन्यांसकट, उचलून वर छातीवर बसवणार होते. पंधरा महिन्यांपूर्वी तिचा डावा स्तन काढला होता, त्या जागी. कुठली वाहिनी जाड आहे, स्नायूतून ती नेमकी कुठे वर येते, हे आधी स्कॅनवर पाहायचं, बेंबीपासून अंतर मोजायचं आणि तिथे कातडीवर ठिपका द्यायचा, अशी ही सगळी रीत. ऑपरेशन होईस्तोवर ठिपके पुसू देऊ नका, असं बजावून सांगितलेलं. आणि राजनने ते तेल लावून, उटणं चोळून, आपल्या हाताने साफ पुसून टाकले होते.

त्याने स्कॅन विभागातल्या वीणाला फोन लावला. वीणा नाशिकची, शामलाचं माहेरही नाशिकचं, त्यामुळे पहिल्या भेटीतच दोघींची गट्टी जमलेली आणि वीणाने आपला नंबर दिलेला. ती म्हणाली, एवढं घाबरू नका सर, स्कॅन आहे, आकडे आहेत, नऊपर्यंत घेऊन या, पुन्हा काढू. राजनने बाहेर येऊन शामलाला सांगितलं तेव्हा ती ताटलीत चिवडा काढत होती. उद्या ऑपरेशन असलेल्या बाईने काल मूठभर का होईना चिवडा केलाच होता. दिवाळीला घरातून तळणाचा वास आला नाही तर कसंसंच वाटतं, म्हणाली होती. राजन अपराध्यासारखा उभा राहिला. ठिपके पुसले गेले, शामल, माझ्या लक्षातच आलं नाही, असं तो म्हणाला. ती नुसती बरं म्हणाली, चिवडा परत डब्यात ओतला आणि चपला शोधायला गेली. तिने त्रागा केला असता तर राजनला बरं वाटलं असतं. पण शामला त्रागा करणाऱ्यांतली नव्हतीच, आणि गेल्या पंधरा महिन्यांत तर ती तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखीच वागत आली होती.

कुवेतच्या बनेद अल-गार वस्तीतून गाडी समुद्राच्या रस्त्याला लागली. इथे कुणाला दिवाळीचं सोयरसुतक? पाण्याकडेला दोन म्हातारे कुवेती चालत होते, खजुराच्या झाडांना टँकरने पाणी घालणं चाललं होतं, आणि राजनच्या कानांमागून तेलाचा एक चुकार थेंब कॉलरमध्ये उतरत होता. शामला खिडकीकडे तोंड करून बसली होती. तिचे केस आता कुठे कानांपर्यंत आले होते. औषधांनी गेलेले, आणि परत येताना कुरळे आलेले. आज सकाळी त्याने त्या केसांना तेल लावलं होतं. खरं तर या घरात एवढ्या वर्षांत तेल लावायची ती. पहाटे उठून पाट मांडायचा, वाटीत तेल कोमट करायचं, शर्वरी लहान असताना तिला झोपेतून उचलून आणायचं, मग राजनला. पाठीवर तेल रगडताना ती दरवर्षी म्हणायची, रिफायनरीत काय दगड उचलता का हो? नाशिकहून आलेलं उटणं, आणि कारेटं इथे मिळत नाही म्हणून अब्बासियाच्या वाण्याकडून आणलेलं बोटभर कारलं; तेच डाव्या अंगठ्याखाली चिरडायचं. सगळ्यांचं झालं की ती आपली दोन तांबे अंगावर ओतून घेऊन करंज्या तळायला उभी. तिला तेल कोण लावतं, असा प्रश्न राजनला कधी पडला नव्हता. आणि या वर्षीही तो त्याला पडला नव्हताच, हे सांगितलंच पाहिजे. काल रात्रीच्या जेवणाआधी पुण्याहून शर्वरीचा फोन आला होता. ती कॉलेजात शिकते आणि बापाशी निम्मं इंग्रजीत बोलते. म्हणाली, बाबा, हू डझ आईज् ऑइल? म्हणजे, एव्हर? त्यावर राजन हसला होता. फोन ठेवल्यावर मात्र ते वाक्य दातात अडकलेल्या बडीशेपेसारखं त्याला टोचत राहिलं.

म्हणून आज सकाळी, शामलाने त्याची पाठ रगडल्यावर, तो म्हणाला, आता तू बस, मी लावतो. ती आधी समजलीच नाही. मग म्हणाली, काहीतरीच काय. मग तेलाच्या वाटीकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, दिवा घालवा. त्यांच्या बाथरूमला खिडकी नाही; दिवा घालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. ऑपरेशन झाल्यापासून शामला कपडे बदलायला आत जाऊन कडी लावायची. कडीचा तो आवाज राजनला ऐकू यायचा आणि खरं सांगायचं तर त्याला हायसं वाटायचं. कारण बघायची वेळ त्याच्यावर येत नव्हती. अंधारात ती पाटावर बसली, तिने काय काढलं काय ठेवलं ते त्याला कळलं नाही, आणि त्याने तेलाचा हात तिच्या डोक्यावर ठेवला. मग मान. मग पाठ. पाठ हाडाळ झाली होती. दंड, कोपर, बोटं एकेक करून. हात परत खांद्यावर आला, खांद्यावरून पुढे गळ्याच्या हाडापर्यंत गेला, आणि तिथे थांबला. तिचा श्वास थांबल्याचं त्याला कळलं. आणि मग तो हात, त्याचाच हात, वळसा घालून, बगलेच्या बाजूने खाली उतरला आणि पोटावर गेला. पोट मऊ होतं, ओळखीचं होतं, तिथे भीती नव्हती. तिथे तो खूप वेळ तेल लावत राहिला. उटणंही त्यानेच लावलं. ती एक शब्द बोलली नाही. एकदा फक्त तिने त्याच्या मनगटावर आपली बोटं टेकवली होती आणि त्याला वाटलं होतं, थांबा म्हणतेय. पण ती थांबवत नव्हती.

सिग्नलला गाडी थांबली तशी राजनने स्टिअरिंगवरचे आपले हात पाहिले. याच बोटांनी त्याने ती गाठ पहिल्यांदा चाचपली होती. डिसेंबरचा महिना होता, दोन वर्षं होत आली त्याला. शामलाने त्याचा हात धरून स्वतःच नेला होता तिथे आणि म्हणाली होती, बघा हो, काही लागतंय का. लागलं होतं. सुपारीएवढं, टणक, सरकत नसलेलं. आणि तो म्हणाला होता, काही नसेल, जुलैत सुट्टीला जाऊ तेव्हा दाखवू, आपला डॉक्टर बरा. इथे राहणारी माणसं असंच बोलतात. दाढ दुखते? जुलैत. चष्म्याचा नंबर वाढला? जुलैत. शरीराचं जे काही मोडतं ते सगळं वर्षभर बांधून ठेवायचं आणि चाळीस दिवसांच्या सुट्टीत पुण्या-नाशकात सोडायचं. त्यांच्या फ्रिजवर त्याची यादी असायची. त्या यादीत राजनने आपल्या हाताने, मिक्सरचं भांडं आणि शर्वरीची दातांची क्लिप यांच्या खाली लिहिलं होतं: शामल - गाठ. सात महिने ते तिथे होतं. दूध काढताना, भाजी ठेवताना, बर्फाचा ट्रे काढताना रोज डोळ्यांसमोर. शामला तर त्या फ्रिजपाशी दिवसातून पन्नास वेळा जात असेल. तिनेही एकदोनदाच विषय काढला. एप्रिलमध्ये म्हणाली, थोडी मोठी वाटतेय हो. राजन म्हणाला, आता तीनच महिने राहिले. तिने त्यावरही बरं म्हटलं होतं.

आणि गंमत बघा, गंमत कसली डोंबलाची, पण राजनचा धंदाच तो. दक्षिणेकडच्या रिफायनरीत तो पाइपांची जाडी तपासतो. इराकशी लढाई संपून जळलेली युनिटं उभी करायला माणसं हवी होती तेव्हा चिंचवडची नोकरी सोडून इथे आला, तेव्हापासून हेच. पाइपाला जेली लावायची, त्यावर छोटा प्रोब टेकवायचा, आतून ध्वनी परत आला की भिंत किती उरलीय ते कळतं. मग दरवर्षी किती झिजतेय त्याचा हिशेब मांडायचा आणि ठरवायचं, आता बदलायचा की पुढच्या शटडाउनपर्यंत, म्हणजे रिफायनरी दुरुस्तीला बंद ठेवतात तोवर, निभेल. निभणार असेल तर खडूने पाइपावर खूण करून तसं लिहायचं. सोळा वर्षांत त्याने पुढच्या शटडाउनवर ढकललेला एकही पाइप फुटला नाही. त्याचं त्याबद्दल नाव होतं. अमगऱ्याच्या वर्कशॉपवाल्यांपासून वरच्या साहेबापर्यंत सगळे म्हणत, राजन म्हणाला निभेल तर निभेल. तर या माणसाने बायकोलाही पुढच्या शटडाउनपर्यंत निभेल असं म्हणून खूण करून ठेवली. पुण्याच्या डॉक्टरांनी जुलैत तपासलं आणि विचारलं, कधीपासून आहे? शामलाने राजनकडे न बघता सांगितलं, महिना झाला असेल. ती खोटं बोलली. त्याच्यासाठी बोलली. त्या क्षणी राजनला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं होतं, आणि त्याने काय केलं, तर रिपोर्ट कधी मिळतील ते विचारलं. गाठ काखेत पोचलेली होती.

त्यानंतर ऑपरेशन, औषधं, रेडिएशनचा शेक. कुवेतला परतल्यावर एकदा बाल्कनीतल्या दोरीवर त्याला एक लहानशी गोल पिशवी दिसली होती, पांढऱ्या मलमलीची, हाताने शिवलेली, आत काहीतरी दाणेदार. त्याने ती हातात घेऊन विचारलं, हे काय, शेकाची पुरचुंडी का? शामलाने ती त्याच्या हातून काढून घेतली. मोहरी भरून तिने ती स्वतः शिवली होती, ब्लाउजच्या आत ठेवायला, दोन्हीकडे सारखं दिसावं म्हणून. मोहरीला वजन असतं, ती अंगाला धरून बसते, असं नाशिकच्या कुणा बाईने तिला सांगितलं होतं. हे सगळं तिने सांगितलं नाही. घामाने ओली होते म्हणून वाळत घालते, एवढंच म्हणाली. पुढे जेव्हा तिने आपणहून या नव्या ऑपरेशनची चौकशी केली तेव्हा राजनला आश्चर्य वाटलं. त्याने विचारलं, तुला नक्की करायचंय? ती म्हणाली, ब्लाउज नीट बसत नाहीत. त्याने ते उत्तर खरं धरलं. धरायला सोपं होतं ते.

आणि मग राजन कसा कामाला लागला! स्कॅनच्या दिवशी तो काचेच्या अलीकडे वीणाशेजारी उभा होता. पलीकडे शामला त्या यंत्राच्या कमानीत आडवी, हातात सुई. रंगाचं औषध शिरेतून गेलं की अंगभर ऊन लाट जाते, लघवी झाल्यासारखं वाटतं, घाबरू नका, असं वीणाने तिला आधी सांगितलेलं. तरी घरी आल्यावर शामला म्हणाली, मी उठल्यावर चादर बघितली, मेली कोरडी होती, पण मला इतकी लाज वाटली. राजनला त्या वेळी पडद्यावरच्या वाहिन्या दिसत होत्या. मेथीच्या जुडीची मुळं धुतल्यावर दिसतात तशा, पांढऱ्या, फाटे फुटत गेलेल्या. कुठली किती जाड, कुठे वळते, कुठे वर येते, त्याने वीणाला इतके प्रश्न विचारले की डॉक्टर यूसुफ हसून म्हणाले, तुम्हालाच नोकरी द्यावी लागेल. चारही जागांचे आकडे त्याने आपल्या खिशातल्या डायरीत उतरवून घेतले. बायकोच्या पोटातल्या दीड मिलिमीटरच्या नळ्या त्याला पाठ झाल्या. बायको तेवढी त्याने पाहिली नाही. एकदा पोळ्या लाटताना शामला म्हणाली होती, शर्वरीच्या वेळचे पोटावरचे व्रण आता छातीवर जाणार म्हणे, डॉक्टर सांगत होते. ती थोडीशी हसलीही होती. राजन हं म्हणाला आणि पोळीचा तुकडा मोडला.

हॉस्पिटलात वीणा वाटच बघत होती. शामला कपडे बदलायला पडद्याआड गेली आणि राजन बाहेर खुर्चीवर बसला. पडद्याबाहेरची खुर्ची त्याच्या सवयीची झाली होती. वीणा कागद घेऊन त्याच्यापाशी आली. तिने त्याच्या हातांकडे पाहिलं, पेरांतली शाई पाहिली. ती तरुण मुलगी, तिला वाटलं आपलंच काही चुकलं. हलक्या आवाजात म्हणाली, "सर, मी काल ताईंना मुद्दाम सांगितलं होतं हो. म्हटलं उद्या अभ्यंग आहे, पोटाला तेल लागू देऊ नका, ही शाई तेलाने जाते. त्या हसल्या. म्हणाल्या, मला कोण लावतंय तेल?"

म्हणजे तिला माहीत होतं. अंधारात तो तेल लावत होता तेव्हा, उटणं चोळत होता तेव्हा, त्याचं मनगट तिने बोटांनी धरलं तेव्हा, सगळा वेळ तिला माहीत होतं की ठिपके जात आहेत. महिनाभर खपून काढलेला तो सगळा नकाशा त्याच्या हाताखाली विरघळत होता आणि ती गप्प बसून होती. त्याला आधी राग आला. हो, राग, माणसाचं मन असंच नालायक असतं. एवढं मोठं ऑपरेशन, आणि ही सांगत नाही? मग तो राग कुठे ठेवावा ते त्याला कळेना. त्याच्या हातात कागद देऊन वीणा आत गेली होती; तिथून तिची हाक आली. सिस्टरला दुसरीकडे बोलावलं होतं, आकडे वाचून दाखवायला कुणीतरी हवं होतं. "या ना सर आत," वीणा म्हणाली, "तुम्हाला तर पाठच आहेत."

तो पडदा सारून आत गेला. शामला पलंगावर उताणी होती, पोट उघडं, वर गाऊन. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. वीणाने पोटावर जेली घातली आणि पेनासारखा प्रोब टेकवला. खरखर झाली, आणि मग एकदम तो आवाज आला. वारा फटीतून जातो तसा, थांबून थांबून, सू-सू-सू. शामलाचं रक्त. राजनने हजारो पाइपांवर प्रोब टेकवला होता, पण पाइपातून असा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता. वीणाने म्हटलं, सांगा सर. त्याने कागद धरला. "बेंबीच्या डावीकडे दोन पूर्णांक सहा, खाली एक पूर्णांक दोन." वीणाने टेप लावली, प्रोब हलवला, आवाज मोठा झाला, जांभळा ठिपका पडला. "डावीकडे तीन पूर्णांक चार, खाली तीन." दुसरा. तिसरा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर होता, पण तो त्या दोन ठिपक्यांकडेच बघत राहिला. वीणा थांबून राहिली. तेव्हा शामलाच छताकडे बघत म्हणाली, उजवीकडे दोन पूर्णांक एक, खाली दीड. मग चौथाही तिनेच सांगितला. तिलाही पाठ होते. तिचंच पोट होतं ते.

मग वीणा म्हणाली, छातीच्या हाडाशेजारची वाहिनीही एकदा ऐकून ठेवते, पोटाची तिलाच जोडणार आहेत. आणि तिने विचारल्यासारखं शामलाकडे पाहिलं. शामलाने डोळे मिटले आणि मान हलवली. गाऊनची नाडी सुटली. राजन पडद्याकडे वळू शकला असता. पडदा हाताच्या अंतरावर होता. तो वळला नाही. त्याने पाहिलं. एक आडवी तिरकी रेघ होती, काखेपर्यंत गेलेली, आणि भोवतालचं कातडं शेकाने तव्यासारखं काळवंडलेलं. बरगड्या जाणवत होत्या. बाकी काही नव्हतं. पंधरा महिने ज्याला तो घाबरला ते एवढंच होतं, आणि एवढं सगळं होतं. आवाज तिथेही आला, वरच्या बाजूला, जरा जोरकस. वीणाने खूण केली, जेली पुसली, डॉक्टरांना बोलावून आणते म्हणाली आणि जाताना पडदा नीट ओढून घेतला.

शामलाने गाऊन ओढून घेतला नाही. राजन तिच्या उशाशी उभा होता. त्याने विचारलं, "तुला माहीत होतं ना, तेलाने जातील म्हणून?"

"हो."

"मग सांगितलं का नाहीस?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती, फ्रिजवरची यादी वाचावी तशी ती म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही हात काढून घेतला असता. वरून घेतलातच होता."

बाहेर कुणाची तरी ढकलगाडी गेली. राजनला माफी मागायची होती. सात महिन्यांची मागायची होती, डिसेंबरची, एप्रिलची, कडीच्या आवाजाने हायसं वाटल्याची, अंधारातल्या त्या वळशाची. पण ती मागायला पंधरा महिने होते, आणि त्यांतला एकही आता हाताशी नव्हता. त्याच्या बोटांच्या पेरांत सकाळची शाई अजून होती. त्याने हात उचलला आणि, या खेपेला वळसा न घेता, त्या काळवंडलेल्या जागेवर, रेघेवर, सबंध तळवा टेकवला. कातडी गार होती. खाली, बरगड्यांच्या आत, तिचं काळीज चाललेलं त्याला लागत होतं. शामलाचे डोळे मिटलेलेच होते. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याला वाटलं, तिला नकोय. तो हात उचलणार, तेवढ्यात ती म्हणाली,

"हात ठेवलाय का तुम्ही?"

"हो," राजन म्हणाला. "का?"

"मला तिथलं काही कळत नाही आता. कापल्यापासून." मग जराशाने म्हणाली, "उद्यानंतरही नाही कळायचं, असं डॉक्टर म्हणालेत. असू दे. राहू द्या तसाच."